पातळी

वाल्देनोर बंदराच्या भिंतीवर नदी वाचायचा.
एकोणीस वर्षं, रोज सकाळी सातला,
मीटर, सेंटिमीटर, शाई, तारीख.
त्याच्या आकड्यावर माणाउसचे लोक ठरवायचे
घरातल्या फळ्या वर चढवायच्या की नाही.

जानेवारीत तो आमच्या वॉर्डात आला तेव्हा
सगळ्यांचं लक्ष श्वासाकडे.
सिलिंडर कुठंय, किती उरलाय, कोणाचा काढायचा...
त्या गदारोळात पलंगाखाली लोंबणारी पिशवी
मीच तेवढी वाकून बघत होते.
रात्री दहाला सत्तर मिली.
दोनला पंधरा.
रंग रिओ नेग्रोचा, चुलीवर विसरलेल्या चहासारखा.
पहाटे काहीच नाही.

फुप्फुसांना खोकता येतं, बोंब मारता येते.
मूत्रपिंडं मुकाट बसतात
पाठीशी, अंधारात,
आणि एक दिवस काम टाकून देतात.
विषाणू स्वतः आत शिरला, की ताप, की आटलेला प्राणवायू,
की रक्तात धरलेल्या बारीक गुठळ्या?
डॉक्टर इरासेमा म्हणाल्या, "जुसिलेइदे, सगळंच थोडं थोडं.
क्रिएटिनिन सहा. मशीन लाव."

मशीन एक, माणसं चार.
लावलं, तर तीन तासांत गाळणी गच्च,
ओंडक्यांनी तुंबलेला ओढा.
बदलली. पुन्हा तुंबली.
तिसरी लावली तेव्हा
शेजारच्या पलंगाची पाळी गेली,
हे मी वहीत लिहिलं नाही.

बाहेर नदी चढत होती.
इथे त्याची पावलं, पापण्या, बोटं.
नडगीवर अंगठा दाबला की खळगा राही
आणि मी मोजायची : एक, दोन, तीन... भरला.

बाविसाव्या दिवशी पिशवीच्या तळाशी काहीतरी चमकलं.
चाळीस मिली.
"मुतला! मुतला गं!" मी ओरडले,
आणि मास्कच्या आत आम्ही तिघी हसत राहिलो
तान्ह्याची दुपटी बदलणाऱ्या बायांसारख्या.

आता जून. नदी भिंतीवरच्या जुन्या खुणेच्याही वर.
तो घरी आहे, अर्ध्यामुर्ध्या मूत्रपिंडांवर.
मीठ बंद, केळं बंद, शहाळं बंद.
अळणी ताम्बाकी मासा खातो, शिव्या मला घालतो.
भिंत आता दुसरं कोणी वाचतं.
तरी सातला उठतो.
मोरीत खुणा केलेली काचेची बरणी आहे.
ती उजेडात धरतो, एक डोळा मिटतो
आणि मला फोनवर आकडा सांगतो
बंदरावरच्याच त्या आवाजात.

मी लिहून घेते.