मध्यंतराआधी

खुनी कोण, हे निपाणीत सगळ्यांना ठाऊक होतं.
पहिल्याच आठवड्यात सायकल-स्टँडवरच्या सिद्रामनं
बिल्ल्यासोबत फुकट सांगून टाकलं होतं:
दवाखान्यातला कंपाउंडर, तो डावखुरा, गोड बोलणारा.
तरी दर दोन-तीन वर्षांनी
हाऊसफुल्लची पाटी माळ्यावरून खाली यायची,
धूळ पुसून.

हुबळीहून यष्टीच्या टपावर
पत्र्याच्या डब्यांतून यायचा तो पोलिसी सिनेमा,
दर खेपेला थोडा आखूड होऊन.
एकदा पाठलागातला पूलच गेला.
म्हणजे पूल असणार तिथंच, रीळ तुटलेलं;
जीप या काठावरून थेट त्या काठावर.
पब्लिकनं त्यालाही शिट्ट्या मारल्या.

मी बॅटरीवाला. अंधारात लोकांना खुर्च्या दाखवायचो.
वखारीतल्या बायका आल्या की
पदरातून तंबाखूची पूड उडायची
आणि अख्खी रांग शिंकायची,
नेमका इन्स्पेक्टर दबा धरून बसलेला असताना.
"गप बसा गं, ऐकू जाईल त्याला!"
त्याला म्हणजे कंपाउंडरला.

हुक्केरी हवालदार पासावर यायचे, बूट काढून बसायचे.
"ठसे एवढ्या लवकर येत नसतात बघ बेंगळूरहून,"
मला दर वेळी सांगायचे,
आणि पुढच्या खेळाला पुन्हा हजर.
शेवटी इन्स्पेक्टर फाइलीच्या दोऱ्याला गाठ मारतो,
तेवढ्यासाठी येत असावेत.
त्यांच्या कपाटातले दोरे सगळे सुटेच.

माझी आई अकरा वेळा आली
आणि अकराही वेळा मध्यंतराआधी उठून गेली.
तिला एकच सीन बघायचा असे.
डोंगरातली एक म्हातारी ठाण्यात येते, पोरगा हरवलाय.
ती कुठली भाषा बोलते
ते आमच्यात कुणालाच कधी कळलं नाही.
कानडी नव्हे, मराठी नव्हे, उर्दू तर नव्हेच,
खाली अक्षरंही येत नाहीत.
इन्स्पेक्टर लिहितो. थांबतो. लिहितो.
मग कागद उचलून
तिच्याच भाषेत तिला वाचून दाखवतो,
अडखळत, ओळीखाली बोट धरून, दुसरीतल्या पोरासारखा.
एका शब्दाला ती मान हलवते, असं नव्हे.
तो खोडतो. पुन्हा लिहितो.
बस्स. दीड मिनिट.

त्या दीड मिनिटात कुणी शिंकत नसे.

दादा घरातून गेला त्या साली
आईनं ठाण्यात सगळं मराठीत सांगितलं होतं:
अंगातला शर्ट, खिशातले साडेचार रुपये,
हनुवटीखाली विळी लागल्याचा व्रण.
कागद उतरला कानडीत.
लिहिणारा काही वाईट नव्हता, चहा पाजला त्यानं.
"काय लिवलासा?" आईनं विचारलं.
"तुम्ही सांगितलं तेच की हो,"
आणि शाईची डबी पुढं सरकवली.
अंगठ्यावरची शाई दोन दिवस निघाली नाही,
भाकऱ्यांवर उमटत राहिली.

आता थेटराच्या जागी फरशीचं गोडाऊन आहे.
सिनेमा माझ्या मोबाइलवर, अख्खा, धुतल्यासारखा.
नातवानं काढून दिला.
परवा दुपारी आईला उशीला टेकवून बसवलं.
"आज शेवटपर्यंत बघ. सापडतोय तो."
तिनं म्हातारी बघितली, ते बोट बघितलं,
मान हलली तिथं हिचीही हलली.
मग चष्मा काढून पदरात पुसत म्हणाली,
"सापडला असंल की."
आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

पुढचं मी एकट्यानंच बघितलं, आवाज बारीक करून.
पूल परत आलाय.
जीप त्यावरून जायला इतका वेळ घेते,
मला माहीतच नव्हतं.