बर्फासमोरची जागा

सहाला फळा पुसते.
कालचा बर्फ एका फडक्यात जात नाही,
खडूची सावली उरते,
तिच्यावरच आजचा लिहायचा.

तोक्तोसून रात्रभर उतार विंचरून खाली येतो.
यंत्र बंद करतो, बुटाची टाच जमिनीवर आपटतो
आणि कान देतो,
कलिंगड घेताना देतात तसा.
"करकरीत," म्हणतो, "दहापर्यंत.
पुढचं मला विचारू नकोस."
मी लिहिते : करकरीत.
वारा सरोवराकडून. लिफ्ट चारांतल्या तीन.

दहाला तो रवाळ होतो.
याच दीड तासासाठी अल्माटीची माणसं
रात्रभर गाडी हाकत येतात.
स्की वळते तेव्हा आवाज होतो
पोत्यातल्या गव्हात कोपरापर्यंत हात घातल्याचा.
माझ्या खिडकीतही गहू आहेत, ओल्या कापडावर,
नोरूझच्या सुमोलोकसाठी.
कोंब फुटलेत, नखाएवढे.

बारानंतर मात्र पचपचीत.
देवदारांखाली निळा, पायवाटेवर तपकिरी,
आणि मधल्या उतारावर असा लगदा
की पाय काढावा तर बूट मागे राहतो.

दोनला एकजण येतो, गुडघ्यापर्यंत भिजलेला,
फळ्यावर बोट ठेवतो :
"हे खोटं आहे."
सहाला खरं होतं, मी म्हणते.
त्याला पैसे परत हवेत.
मी चहा देते. दोन खडे साखर.

हापिसातला एर्मेक म्हणतो,
बूबूसारा एजे, आता सगळं मोबाइलवर दिसतं,
फळा काढून टाकू.
काढ, म्हणते.
तो काढत नाही. खिळे गंजलेत.

सहा वर्षांपूर्वी, याच दिवसांत,
मी लिहिलं होतं : उत्तम.
चारला डाव्या कड्याखालचा अख्खा उतार सुटला.
माणूस कोणी नव्हतं तिथे.
तोक्तोसूनचा घोडा होता, खुंटीला बांधलेला.
तो मला काही बोलला नाही.
लगाम अजून यंत्रात टांगलेला असतो, आरशाशेजारी.
उत्तम हा शब्द मी परत लिहिला नाही,
पोरांच्या वह्यांवरसुद्धा.

काल रात्री पाऊस झाला.
पाऊसच. मध्येच गारा, मग पुन्हा पाऊस,
पहाटे जेमतेम गोठला.
कुठल्याशा वाळवंटाची धूळ वर बसलीय, पिवळट,
शिळ्या सायीसारखी.

तोक्तोसून टाच आपटतो.
कान देतो. पुन्हा आपटतो.
टोपी काढून गुडघ्यावर बसतो.
"खालून पाणी चाललंय," एवढंच.

मी तापमान लिहिते. वारा लिहिते.
लिफ्ट : एक.
बर्फ, आणि पुढे दोन टिंबं,
आणि खडू तसाच बोटांत.

तेव्हा तो, ज्याने आजवर
पगाराच्या वहीशिवाय कुठे काही लिहिलं नाही,
हातमोजा दातांनी ओढून काढतो,
खडू मागतो,
आणि तिरक्या, मोठ्या अक्षरांत लिहितो :
आहे.

अकरापर्यंत तेवढं पुरलं.