नऊ नंबर

मारेगावच्या बसस्टँडमागं, झाडे कृषी केंद्राच्या वर
एक भाड्याची खोली,
तिच्यात आमचं टेलिव्हिजन.
म्हणजे एक व्हीसीआर, एक मॉड्युलेटर,
लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा, तिथी नसली की मिळायचा,
आणि मागं टांगायला निळी चादर.
तिच्यावरचा चहाचा डाग
जंगूबाईच्या डाव्या खांद्याआड ठेवायचा,
हे माझं काम.

मालक म्हणाला, पोडावरले लोकबी चाळीस रुपये देतेत नं,
मंग त्यायच्या बोलीत काई पायजे का नाई?

रविवारी साडेसात. पिक्चर मध्येच तोडून
अर्धा तास कोलामी.
फोन वाजायचे खालून, पिक्चर लाव बे.
मालक रिसीव्हर काढून ठेवायचा.

जंगूबाई आत्राम बालवाडीचा हजेरीपट धरून बसायची,
मागच्या कोऱ्या पानांवर आपली अक्षरं, तिचे शब्द.
तेंदूपत्त्याचा भाव, रेशनचं रॉकेल,
वणीला येणारा डोळ्यांचा डॉक्टर,
कुणाची तरी हरवलेली शेळी.
मला कळायचं ते 'रेशन', 'डॉक्टर', 'तारीख'.
बाकी मी तिचं तोंड फोकसमध्ये धरायचो.

पोडावरचा शेवटचा खांब मीच चढलो.
खांब कसला, मोहाचं झाड.
एकच टीव्ही, लेतूबाच्या छपरीत, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर.
ती दिसली तशा बाया हसल्या,
मग एकदम गप्प.
म्हातारा मात्र बोलत सुटला, थेट काचेशी,
हात करून, मोठ्यानं.
ती श्वास घ्यायला थांबली की हा सुरू.
काय म्हणतो? मी विचारलं.
पोरं म्हणाली, शेळी त्याच्या कोठ्यात हाय म्हणते,
कान फाटला हाय तिचा.
कोणाची हाय, पुसते तिले.

सोमवारी मी जंगूबाईला सांगितलं.
ती हसली नाही. हजेरीपट उघडून लिहून घेतलं.
पुढच्या रविवारी उत्तर दिलं, नाव घेऊन.
मला त्यातलं 'लेतू' तेवढं समजलं.

दोन पावसाळे चाललं.
कॅसेटी महाग, त्याच पुसून आम्ही लग्नं भरली.
एक उरलीय, बोंड्यांच्या मुलीची.
पंगत उठते, मांडव रिकामा होतो,
पट्ट्या थरथरतात,
आणि आठ-नऊ सेकंद निळी चादर, जंगूबाई.
काहीतरी विचारते
आणि थांबते.

डाग स्पष्ट दिसतो.
मी कुठं बघत होतो, कोण जाणे.