अंदाजे

महिन्यातले सोळा दिवस मी दुसऱ्यांच्या गावात उठते.
परवा गडहिंग्लज, त्याआधी इचलकरंजी,
आता कोल्हापूर, स्टँडसमोरचं लॉज, खोली दोनशे चार.
पलंग आणि कपाटामध्ये जेवढी फरशी उरते
तेवढंच माझं मैदान.
हात पसरले की डावा पडद्याला लागतो,
उजवा गीझरच्या बटणाला.

बॅगेत पतसंस्थांच्या फायली,
फायलींखाली मोजे, मोज्यांत गुंडाळलेली दोरी.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, रोज वीस मिनिटं.
मी म्हटलं, रोज म्हणजे कुठल्या गावात?
त्या हसल्या नाहीत. साखरेचा आकडा
लाल शाईत होता, आणि लाल शाईशी
मला भांडता येत नाही,
तिच्यावरच माझं पोट चालतं.

पहिल्या पहाटे अठराव्या उडीला खालून फोन :
"मॅडम, एकशे चारमधलं पाव्हणं इचारत्यात,
वर कांडप चाललंय का?"
मग रात्रपाळीच्या शिकलगारमामांनी
फळीवरची बिननंबरी किल्ली काढली.
"गच्चीवर जावा. टाकीपासनं जरा लांब.
तितं कुदा न्हाईतर नाचा, कोण इचारत न्हाई."

गच्चीवर, तारेवर, लॉजच्या ओल्या चादरी,
प्रत्येकीच्या कोपऱ्यात निळ्या शाईत खोलीचा नंबर.
दोनशे चारही होती,
कुणाच्या तरी झोपेची, धुऊन पुसलेली.
तिच्या आणि तीनशे एकच्या मधे मी उभी राहिले.
दोरी फिरली.
सत्तेचाळीस वर्षांचं वजन
वर गेलं, खाली आलं,
वर गेलं.

मागच्या गल्लीत तालमीचं पत्र्याचं छप्पर,
उघड्या दारातून दिसणारा लाल मातीचा हौदा,
आणि त्यात एकटा म्हातारा, कुदळीनं माती उकरणारा.
पोरं अजून आली नव्हती.
"हिंदुराव वस्ताद," मामा जिन्यातून म्हणाले,
"गुडघं गेल्यात. लढत न्हाई आता. पर माती रोज उकरतो."
आणि परगावी गेले तर?
मामांनी जरा आठवल्यासारखं केलं.
"एकदा लेकीकडं गेलता सांगलीला, तीन दिस.
तिचं सगळं परस खणून आला, गवती चहासकट.
जावई आजून बोलतोय."
मी हसले, आणि दोरी घोट्यात अडकली.

दुसऱ्या दिवशी सासणेसाहेबांच्या शाखेत
रात्री साडेनऊपर्यंत एकवीस रुपये जुळेनात.
लिफ्ट असून मी जिना चढले होते, तेवढंच.
व्हाउचर तपासताना टेबलाखाली टाचा उचलत होते,
टेकवत होते, उचलत होते.
कॅशियर पोरीनं पेन उचलायच्या निमित्तानं वाकून पाहिलं.
संध्याकाळी तिच्याही टाचा चालू.
रात्री खानावळीत तांबड्या रश्शाची तिसरी वाटी
नको म्हटल्यावर वाढप्याचा चेहरा असा,
की मी त्याच्या घरात काही कमी-जास्त बोलले.

तिसऱ्या दिवशी उठलेच नाही.
कारण लिहीत नाही.
कारणं मी शाखाशाखांतून ऐकली आहेत,
फार सुंदर असतात.

आज शेवटची पहाट. साडेसहाची गारगोटी गाडी.
चादरी सगळ्या काढून नेलेल्या, नुसत्या तारा,
गच्ची एकदम मोठी.
दीडशेच्या पुढे मोजत असताना फोन वाजला.
सासणेसाहेब. रात्रभर झोपले नसावेत.
"सापडले मॅडम! चहाच्या पावतीमागं दुसरी पावती चिकटली होती!"
मी धापा टाकत अभिनंदन केलं.
ते म्हणाले, मॅडम, सगळं ठीक आहे ना?

फोन ठेवला. आकडा गेला होता.
एकशे सत्तर की एकशे नव्वद,
खाली कुदळ चालूच होती, तिला विचारून उपयोग नव्हता.
थोड्या अजून मारल्या, न मोजता,
मग डायरीत लिहिलं : अंदाजे दोनशे.
हा शब्द दुसऱ्यांच्या वह्यांत दिसला
की मी त्याला गोल करते.
पेन तिथंच थोडा वेळ थांबलं.
मग टोपण लावलं.

किल्ली परत देताना मामांनी
माझ्या बॅगेतून लोंबणारी दोरीची मूठ आत ढकलली.
"गारगोटीला आमचा साडू हाय, लॉजवरच," म्हणाले.
"गच्चीची किल्ली त्याच्याकडं बी असती."