खोकड

तक्रारीच्या कागदावर अरबीत एक नाव, खाली इंग्रजीत एक.
शफिउल त्याच्या बंगालीत म्हणतो, शियाल.
खल्फान साहेबांच्या तोंडी हुस्नी.
मी गप्प. माझ्याकडचा शब्द इथे कुणाला लागत नाही:
खोकड.
कोल्हा वेगळा. कोल्हा थोराड, रडका, टोळीत शूर.
खोकड म्हणजे नुसते कान आणि शेपूट,
मधलं अंग देवानं घाईत जोडलेलं.

अल खूदच्या मागे, वादी नकाशात जिथे संपते
आणि जमिनीवर चालूच राहते,
तिथे बत्तीस व्हिलांची नवी वसाहत.
चौदा नंबरच्या रेनूबाई चांडी सांगतात,
रोज पहाटे ओट्यावर उभं असतं, हाकललं तरी बघत बसतं.
नातीची सँडल नेली. उद्या नातच नेईल.
मी म्हणतो, बाई, त्याचं वजन तुमच्या नातीच्या दप्तराएवढं.
त्या म्हणतात, दप्तर चावत नाही.
तेही खरं.

पिंजरा लावला. आमिषाला सुका बांगडा.
पहिल्या रात्री मांजर. दुसऱ्या रात्री तेच मांजर.
तिसऱ्या रात्री दार पडलेलं, बांगडा गायब, आत कुणीच नाही.

चौथ्या रात्री पिंजरा गुंडाळला आणि नुसता बसलो
पिकअपच्या मागच्या फळीवर, दिवे विझवून.
एप्रिल. मध्यरात्रीही शर्ट पाठीला चिकटलेला.
दोनच्या सुमारास ती आली. ओढलेली. आचळं लोंबती.
कचऱ्याच्या डब्याकडे ढुंकूनही न बघता
सरळ चौदा नंबरच्या भिंतीशी,
जिथे एसीची नळी ठिबकते.
खाली कुंडीची एक फुटकी बशी.
ती चाटून पुसून कोरडी केली
आणि तोंड वर करून थांबली,
पुढच्या थेंबासाठी,
त्याच्या पुढच्या.

सकाळी बीळ सापडलं, ट्रान्सफॉर्मरच्या ओट्याखाली.
टॉर्च आत धरला:
अकरा चपला, बहुतेक डाव्या,
एक रबरी डायनासोर,
आणि मागे हिरवे ठिपके. आठ. म्हणजे चार पिल्लं.

दहिवडीच्या माळावर एकदा आम्ही
एका बिळाला मिरच्यांची धुरी दिली होती.
मी, थोरला दादा आणि धोंडीबाचा येसू.
बाहेर काय आलं ते मी घरी सांगितलं नाही.
इथेही नाही सांगत.

खल्फान साहेबांची रीत निराळी. धूर नको, काठी नको.
रात्री बिळाच्या तोंडाशी रेडिओ ठेवायचा, बारीक आवाजात,
बातम्या असल्या तर उत्तम.
कंटाळून आई आपणच बिऱ्हाड हलवते.
त्यांचे आजोबा ह्याच वादीत शेळ्या घेऊन यायचे.
तेव्हा तक्रार कोण करायचं, विचारलं,
तर हसले, आणि माझ्या पेल्यात चहा ओतत राहिले.

दोन रात्री रेडिओनं तेलाचे भाव वाचले.
तिसऱ्या रात्री तिनं एकेकाची मान दातात धरून
वादीकडे चार खेपा केल्या.
मग पाचवी.
शफिउलनं मला कोपर मारलं. पिल्लं तर संपली होती.
पाचवी खेप चपलेची.

दुसऱ्या दिवशी नळी गटाराला जोडली.
रिकामं बीळ दगडांनी भरलं, वर सिमेंट घोटलं.
कागदावर 'उपाय' असा रकाना असतो. त्यात लिहिलं:
पाणी बंद केले.
लिहून झाल्यावर पेन बराच वेळ उघडंच राहिलं.

पहाटे सिमेंटवर पावलं उमटलेली.
मधोमध येऊन थांबलेली, तिथेच गोल फिरलेली,
आणि परत.
रेनूबाईंनी फोटो काढून कंपनीला पाठवला.
फोन आला, पुन्हा घोटून घे, वसाहत नवी आहे, चांगलं दिसत नाही.
म्हणालो, साहेब, सिमेंट संपलंय.
मी गोणीवरच बसलो होतो.