चेन आतून उघडते का

शाहूपुरीत, दस्तगीर शिकलगारच्या दुकानात
मी भरदुपारी फरशीवर आडवा झालोय,
हनुवटीपर्यंत बंद. चपला उंबऱ्याशी.
बाहेर उसाचा ट्रॅक्टर गाणं लावून चाललाय.
"कसं वाटतंय, मामा?"
"कणसातल्या अळीसारखं."

शलाकाची यादी खिशात आहे.
स्पितीत पंधरा रात्री, बर्फातल्या बिबट्याचे माग मोजायला.
"बाबा, उणे पंधराची घ्या, टोपडं असलेली. स्वस्त बघू नका."
आमच्या घरात जनावरं मोजायला निघालेली ही पहिलीच.
आधी मोजायचे ती काडतुसं.

दस्तगीर लेबल वाचतो. दोन आकडे असतात म्हणे,
एका आकड्यावर झोप लागते,
दुसऱ्यावर माणूस नुसता मरत नाही.
"लोक दुसरा बघून घेत्यात की ओ,
आन् मग रातभर दात वाजवत बसत्यात."
कारखान्याच्या काट्यावर सव्वीस हंगाम रात्रपाळी केली मी.
कुठल्या आकड्यावर, ते त्याला सांगितलं नाही.

पिसांची मुठीत मावते, पण भिजली की संपली.
धाग्याची जड, पण ओलीतही ऊब धरते.
आबांनी दोन्ही आधी हुंगल्या असत्या.
त्यांची एकच घोंगडी, पट्टणकोडोलीच्या सणगराची,
चिंचोक्याच्या खळीनं पत्र्यासारखी ताठ,
दाजीपूरच्या धुक्यात भिजली की मेंढराचा वास मारायची.
पण अंगाखाली ती गप्प असायची.
ही बघा, कूस बदलली की सळसळते,
कुणी देवळात चिप्सचं पाकीट फोडावं तशी.

आबा म्हणायचे, पांघरूण एका झटक्यात फेकता यावं.
गवा काय तुझी वाट बघत उभा राहतोय व्हय?

बंदी आली त्याच्या पुढच्याच थंडीत
ते चोरून गेले, पाणवठ्याच्या वरच्या कातळावर.
बंदूक उजवीकडे, घोडा चढवलेला, हात घोंगडीत.
पहाटे सांबराची मादी आली
आणि घोंगडीचा कोपरा चाटायला लागली.
घामाचं मीठ असेल, नाहीतर चिंचोका.
किती वेळ, ते कधीच सांगितलं नाही त्यांनी.
घरी आले, म्हणाले, काडतूस सादळलं.
आईनं घोंगडी उन्हात टाकली.
एका कोपऱ्याची खळ गेलेली, तेवढाच भाग कानासारखा मऊ.
ती बोलली काहीच नाही.
त्या दिवशी पिठल्यावर तूप वाढलं तिनं, न मागता.

"दस्तगीर, चेन आतून उघडते का?"
"उघडती की."
"घड्याळ लाव."
पहिल्यांदा अस्तर दातात अडकलं, अकरा सेकंद.
दुसऱ्यांदा सात.
शेजारचा बेकरीवाला बघायला आला. मी तिसऱ्यांदा आत शिरलो.

"धाग्याचीच बांध," मी म्हटलं, "ती करडी, कमी बोलणारी."
"मग बाहेर या की, मामा. बिल कुणाच्या नावावर?"
कपाळावर घाम आला होता, ओठांशी खारट.
पुसायला हवा होता.
"थांब जरा," म्हटलं.
हात आतच होते.