बोटभर जागा

फ्रीज कंपनीचा आहे.
दारावर लाल अक्षरांत त्यांचंच नाव,
आत फक्त त्यांचाच माल ठेवायचा
असं मी सही करून दिलेलं आहे.
तरी बाटल्यांच्या मागे,
पेढ्याच्या रिकाम्या डब्यात,
अख्ख्या गल्लीचं इन्शुलिन.

जालन्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली काही टिकत नाही.
दूध नाही, मळलेली कणीक नाही,
माणसाची झोपही नाही.
कौतिकाबाईनं आधी माठात ठेवून पाहिलं,
ओल्या फडक्यात गुंडाळून.
पण नळ येतो तेराव्या दिवशी.
फडकं ओलं ठेवायचं कशानं?
मग पदराआडून शिशी काढून म्हणाली,
"शेठ, तुमच्या थंड्यात जागा हाय का, बोटभर?"

त्या बोटभर जागेत आता अकरा घरं.
नावं मी मार्करनं लिहिलीत.
खरात. आयेशाबी. भंगार निवडणारी पारू.
भट्टीवरचा दिगंबर,
जो रात्रपाळी सुटली की येतो,
सुई भरून घेतो,
आणि तहान आवरत नाही म्हणून
त्याच दारातून एक गार बाटलीही.
मी दोन्ही देतो.
एकाचेच पैसे घेतो.

वहीत पाहाल तर
पामतेल पाव लिटर, बिस्किटपुडा, तंबाखू,
पुन्हा पामतेल.
पालेभाजी ठेवून पाहिली होती एकदा.
दुपारपर्यंत सुकली,
आणि सुकायच्या आधी तिच्यावर
रोलिंग मिलची काजळी बसली.
काउंटरवर रोज सकाळी एवढी असते
की खरातांचा नातू बोटानं त्यात बाराखडी गिरवतो.
खोकत खोकत 'ख'पर्यंत येतो,
मग मी फडका मारतो.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं कौतिकाबाईला सांगितलं,
पाणी भरपूर प्या, रोज अर्धा तास चाला.
ती दिवेलागणीनंतर घोटभरसुद्धा पीत नाही.
संडास नाल्यापलीकडं,
दहाला कुलूप लागतं.
आणि चालायचं म्हणाल तर
"कुठं चालू, सायेब? सळयांच्या ट्रकाखाली?"
तो हसला म्हणे. मग हसायचा थांबला.
गोळ्या वाढवून दिल्या.

परवा कंपनीचा पोरगा आला तपासणीला.
बाटल्या मोजता मोजता
त्याचा हात मागे गेला.
डबा काढला. उघडला.
मी तराजूचं पारडं पुसत राहिलो,
पुसलेलंच.
बराच वेळ तो नावं वाचत होता.
"अकरा नावं," म्हणाला, "शिश्या बारा."
मी गल्ल्यात सुट्टे शोधू लागलो.
त्यानंही पुन्हा विचारलं नाही.

डबा जागच्या जागी ठेवला,
पुढे बाटल्या लावल्या ओळीत, लेबलं बाहेर,
मोबाईलवर फोटो काढला.
जाताना गाडीला किक मारत म्हणाला,
"मागच्या जाळीला टेकू देऊ नका, काका.
गोठतं. गोठलं की वाया जातं."
त्याला कसं ठाऊक, मी विचारलं नाही.
हिशेब फिटला.

लाइट गेली की दार उघडायचं नाही,
एवढा एकच नियम मी गल्लीला लावलाय.
काल रात्री अडीच तास गेली.
दुकानापुढं अंधारात सगळे येऊन बसले,
कुणी पुठ्ठ्यानं वारा घेत,
कुणी चप्पल उशाशी घेऊन आडवं.
गाणं नाही, गप्पा नाहीत.
मिलचा आवाज चालू होता,
तिकडची लाइट जात नाही.
आम्ही कान देऊन होतो
फ्रीजच्या त्या बारीक घरघरीकडं,
जी अजून